आकेनोची सूर्यफुलं आणि अब्बांचं दीड एकर

यंदाच्या, म्हणजे २०२३च्या ऑगस्टमध्ये मी पंधरा दिवस जपानला जाऊन आलो. यवतमाळच्या शाळामास्तरानं जपानला जाणं ही आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर पुरणारी बातमी होती. 'फिरायला का सर?' असं जो तो विचारायचा. मी 'हो' म्हणायचो. खरं कारण बॅगेतल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होतं. सातबारा, आठ-अ आणि मुखत्यारपत्राचा मसुदा.

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांपासून टोकियोत आहे. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात अब्बांची साडेपाच एकर शेती आहे. रस्त्याला लागून असल्यानं तिला गिऱ्हाईक आलं होतं. आपाचा हिस्सा आहेच, पण तिनं 'तुम दोनों भाई ठैरा लो' म्हणून मोकळं केलं होतं. अम्मी काहीच बोलत नव्हती. मी यवतमाळला, भाऊ टोकियोला, आपा अकोल्याला. जमीन तीन वर्षांपासून शेजारच्या काकांकडे मक्त्यानं आहे. विकायचं दोघांचंही जवळपास ठरलं होतं. भावाची सही भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यायची, एवढंच काम उरलं होतं.

अब्बा मे २०२१मध्ये गेले. कोरोनाची दुसरी लाट होती. भावाला येता आलं नाही. त्यानं जनाजा व्हिडिओ कॉलवर पाहिला आणि मिट्टी देण्याच्या वेळी नेमकं नेटवर्क गेलं. त्यानंतर आमच्यात शेताचा विषय निघाला की तो फक्त 'आप देख लो भाई' एवढंच म्हणायचा.

आमच्याकडे शेती आहे, हे ऐकून आजही काही जणांच्या भुवया उंचावतात. मुसलमान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गॅरेज, फळांची गाडी किंवा मटणाचं दुकान येतं. कापूस वेचणारा, तुरीला शेंगा किती धरल्या म्हणून वाकून पाहणारा मुसलमान येत नाही. विदर्भात असे शेतकरी गावोगाव आहेत. कर्ज, बोंडअळी, पावसाचा खंड त्यांनाही तितकाच भोवतो. अब्बा आमच्याशी उर्दूत बोलायचे आणि बैलांशी वऱ्हाडीत. बैलांना उर्दू समजत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

भाऊ निशी-कासाईला राहतो. टोकियोच्या एदोगावा भागातली ही वस्ती भारतीयांची म्हणूनच ओळखली जाते. २०१९मध्ये इथल्या स्थानिक सभागृहावर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनही आले होते. स्टेशनाबाहेर हळद, तूरडाळ, पोहे सगळं मिळतं. पहिले चार दिवस इमारती पाहण्यात गेले. रविवारी सकाळी भाऊ म्हणाला, "चलो, आज खेत दिखाता हूं."

"कशाचं शेत?"

"सूरजमुखी का."

मी हसलो. सूर्यफूल पाहायला कुणी एवढ्या दूर जातं का? पण जपानमध्ये जातात. उन्हाळा म्हणजे तिकडे जुलै-ऑगस्ट, आणि या दिवसांत सूर्यफुलांची शेतं पाहायला शहरातली माणसं खेड्यांकडे निघतात. उत्तरेच्या होक्काइदो बेटावर होकुर्यू नावाचं एक छोटं गाव आहे, ते तर केवळ सूर्यफुलांसाठी ओळखलं जातं. आम्ही चाललो होतो यामानाशी प्रांतातल्या आकेनोला. पूर्वी हे स्वतंत्र गाव होतं, २००४मध्ये आसपासची गावं मिळून होकुतो नावाचं शहर झालं, त्यात ते गेलं. शिंजुकूहून चुओ लाईनची गाडी, कोफूच्या पुढे निरासाकी स्टेशन आणि तिथून बस.

गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. ओबोनचे दिवस होते. ऑगस्टच्या मध्याला येणारा हा सण पूर्वजांचा. या दिवसांत घरातले गेलेले लोक परत भेटीला येतात, अशी तिथली समजूत आहे. म्हणून शहरांत विखुरलेली मुलं-नातवंडं गावी जातात, कबरी धुतात, फुलं ठेवतात. भाऊ मला हे समजावून सांगत होता. मला शब-ए-बरात आठवली. आपणही त्या रात्री कब्रस्तानात जातो, कबरीवर पाणी शिंपडतो, फातेहा पढतो. मी त्याला हे म्हणणार होतो, पण थांबलो. अब्बांच्या कबरीवर तो अजून एकदाही उभा राहिला नव्हता.

आकेनो उंचावर आहे. एका बाजूला यात्सुगाताकेचे डोंगर, दुसऱ्या बाजूला दक्षिण आल्प्सची रांग. बसमधून उतरलो आणि समोर उतारावर पिवळंधम्मक शेत. एकाच उंचीची, एकाच दिशेला तोंड केलेली हजारो फुलं. छत्र्या घेतलेल्या बायका, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं, कॅमेरे लावून बसलेले म्हातारे. सगळे हळू आवाजात बोलत होते. कुणी फूल तोडत नव्हतं. शेतं एकदम फुलू नयेत म्हणून थोड्या-थोड्या दिवसांच्या अंतरानं पेरतात, असं भाऊ म्हणाला. एक ओसरलं की दुसरं तयार असतं.

जपानी भाषेत सूर्यफुलाला 'हिमावारी' म्हणतात. 'हि' म्हणजे सूर्य, 'मावारी' म्हणजे फिरणं. आपलं सूर्यफूल, उर्दूतलं सूरजमुखी आणि हे हिमावारी, तिन्ही नावांत सूर्य आहे. मूळ झाड मात्र उत्तर अमेरिकेतलं, सगळीकडेच पाहुणं.

आमच्या घरी हे पाहुणं आलं १९९३च्या दिवाळीनंतर. तेव्हा सरकारचं तेलबियांचं मिशन जोरात होतं. १९८६मध्ये ते सुरू झालं. देशाला खाद्यतेल बाहेरून आणावं लागू नये, हा त्यामागचा विचार. सोलापूर, लातूर, उस्मानाबादकडे सूर्यफूल चांगलं रुजलं होतं. आमच्याकडे सगळं रान कापूस-ज्वारी-तुरीचं. अब्बांनी कुठूनसं ऐकलं की नव्वद दिवसांत येतं, पाणी कमी लागतं, तेलाला मागणी आहे. विहिरीजवळच्या दीड एकरात त्यांनी मॉर्डेन नावाचं ठेंगणं वाण पेरलं. गावातले लोक म्हणाले, "मियाभाई, कपाशी सोडून फुलं कायले लावता? मजारीवर चढवाले का?" अब्बा हसून सोडून द्यायचे.

जानेवारीत शेत फुललं तेव्हा तेच लोक बांधावर येऊन उभे राहिले. पांढऱ्या कापसाच्या आणि काळ्या मातीच्या मुलखात एवढा पिवळा रंग कुणी पाहिला नव्हता.

फुलोरा आला की अब्बांचं एक काम सुरू व्हायचं. सूर्यफुलात दाणा भरण्यासाठी एका फुलाचा पराग दुसऱ्याला लागावा लागतो. मधमाश्या कमी असल्या तर दाणे पोचट राहतात. म्हणून कृषी खात्याची माणसं सांगायची, सकाळच्या वेळी हाताला तलम कापड गुंडाळून फुलांवरून हळूच फिरवा. अब्बांनी अम्मीची जुनी मलमलची ओढणी फाडली. सकाळी आठच्या सुमारास ती हाताला गुंडाळून ते ओळीत शिरायचे आणि एकेका फुलावरून हात फिरवत पुढे जायचे. मी मागे-मागे. भाऊ पाच वर्षांचा होता, तो अब्बांच्या पाठीवर. वरून तोही हात लांबवायचा. "हल्लू बेटा, हल्लू," अब्बा म्हणायचे, "बच्चे के सर पे फेरते ना, वैसा."

आमच्या डोक्यावरून त्यांनी असा हात फिरवल्याचं मला फारसं आठवत नाही. ते तसे कमी बोलणारे, कमी जवळ घेणारे. फुलांवरून फिरवलेला हात मात्र लख्ख आठवतो.

पुढे दाणे भरायला लागले आणि मिठ्ठू आले. पोपटांना सूर्यफुलाचा नाद भारी. थवाच्या थवा उतरायचा, फुलावर उलटा लटकून दाणे काढायचा आणि खाल्ल्यापेक्षा जास्त खाली सांडायचा. त्या वर्षी रमजान फेब्रुवारीत होता. मी अकरा वर्षांचा. सेहरी करून, फजरची नमाज पढून, उजाडायच्या आत डालड्याचा रिकामा डबा आणि काठी घेऊन मचाणावर जाऊन बसायचो. रोजा असायचा, घसा कोरडा पडायचा, ओरडवत नसे. मग नुसता डबा वाजवायचो. शाळेची वेळ झाली की अम्मी बदलीला यायची. संध्याकाळी अब्बा. दीड एकर राखायला आख्खं घर लागायचं.

पहिल्या वर्षी पीक चांगलं झालं. फुलं कापून, वाळवून, काठीनं बडवून दाणे काढले. थोडे घरच्यासाठी घाणीवर नेले. फल्लीच्या तेलाची सवय असलेल्या अम्मीला ते तेल पाण्यासारखं पातळ वाटलं, पण त्या ईदेला त्याच तेलातल्या पुऱ्या शेजारीपाजारी गेल्या. अब्बांनी सलग तीन वर्षं सूर्यफूल केलं. तिसऱ्या वर्षी भाव पडला. अब्बा म्हणायचे, व्यापारी बोलतो बाहेरून तेल येऊन राहिलं. आम्हाला ते निमित्त वाटायचं.

नंतर वाचताना कळलं की व्यापारी खोटं बोलत नव्हता. १९९४मध्ये पामोलिनची आयात खुली झाली, १९९५मध्ये इतर बहुतेक खाद्यतेलांची. पुढे आयातशुल्कही खाली येत गेलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशात सूर्यफुलाखाली २५ लाख हेक्टरच्या वर जमीन होती. आज त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरली आहे. सूर्यफुलाचं तेल मात्र आपण पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त खातो. ते बहुतेक युक्रेन, रशिया, अर्जेंटिनातून येतं. फेब्रुवारी २०२२मध्ये युद्ध सुरू झालं आणि यवतमाळच्या किराणा दुकानात तेलाची पिशवी महागली, तेव्हा रांगेतला एक जण म्हणाला, 'लढाई तिकडं, अन् फोडणी आपली महाग!' सगळे हसले. मला डालड्याचा डबा आठवला.

आकेनोच्या बांधावर उभा असताना हे सगळं डोक्यात होतं, असं नाही. मी नुसता पाहत होतो. मग कधी कळलं नाही, माझा हात पुढे गेला आणि एका फुलावरून फिरला. हाताला पिवळा पराग लागला. दुसऱ्या फुलावरून फिरवला, तिसऱ्या. शेजारी पाहिलं तर भाऊही तेच करत होता. तो पाच वर्षांचा होता तेव्हा. त्याला हे आठवत असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

मागून कुणीतरी हाक मारली. गळ्यात टॉवेल, डोक्यावर गवताची टोपी, पायात गमबूट घातलेला एक म्हातारा. आम्ही हात मागे घेतले. भाऊ वाकून माफी मागू लागला. म्हातारा रागावलेला नव्हता, त्याला नवल वाटलं होतं. बाकी लोक फोटो काढतात, हे दोघं काय करतायत? भावानं त्याला जपानीत सांगितलं, आमचे वडील दाणे भरावेत म्हणून असं करायचे. म्हातारा बराच वेळ 'आ... आ...' करत मान हलवत राहिला. मग म्हणाला, इथे दाणे घ्यायचेच नाहीत.

"मग?"

फुलं ओसरली की हे सगळं ट्रॅक्टरनं नांगरून मातीत गाडायचं. हिरवळीचं खत.

मी भावाला पुन्हा विचारायला लावलं. मला वाटलं, त्याची काहीतरी चूक झाली. उभं पीक गाडायचं? म्हातारा शांतपणे सांगत होता. तरुणपणी इथे तुती होती, रेशमाच्या किड्यांसाठी. यामानाशी हा एकेकाळचा रेशमाचा प्रांत. रेशमाचा धंदा बसला, तुती गेली. मग भाजीपाला केला. आता वय अठ्ठ्याहत्तर. भाजीला रोज वाकावं लागतं. फुलं एकदा पेरली की तेवढं नाही. लोक येतात, गावात चार पैसे येतात आणि महत्त्वाचं म्हणजे शेतात तण माजत नाही. मुलगा टोकियोत आहे, ओबोनला आला आहे, परवा जाईल. मग तो हसून जे म्हणाला, ते भावानं मला जरा थांबून सांगितलं: 'बोल रहे हैं, ये फूल बेटे को दिखाने के वास्ते हैं, के अब्भी खेत जिंदा है.'

जपानमध्ये मुख्यतः शेतीवर जगणाऱ्यांचं सरासरी वय २०२०च्या कृषी गणनेत ६७.८ वर्षं निघालं. म्हणजे अर्ध्याहून अधिक शेती निवृत्तीच्या वयातल्या हातांवर चालते. हे वाचायला आकडा आहे. त्या दिवशी मी त्या आकड्याशी बोललो.

आणि मला आमचं आठवलं. आमच्याकडे म्हातारे शेतकरी म्हातारपणापर्यंत पोहोचतीलच, याची खात्री नसते. यवतमाळचं नाव बाहेर कुठे घेतलं की लोक आत्महत्यांबद्दल विचारतात. अब्बा कर्जात मेले नाहीत, अल्लाहचा शुक्र. पण त्यांनी आम्हाला शेतापासून जेवढं लांब पाठवता येईल तेवढं पाठवलं. मला डी.एड., भावाला इंजिनिअरिंग. त्यासाठी एक बैलजोडीही विकली. आम्ही शेत सोडलं, हे त्यांचं दुःख नव्हतं. ती त्यांचीच योजना होती. फक्त पुढचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

जोहरची वेळ झाली. भावानं मोबाईलवर किब्ला पाहिला. पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे. शेताच्या पूर्वेच्या कडेला गवत होतं, तिथे आम्ही रुमाल अंथरले. मुसाफिर म्हणून दोन रकात कसर. समोर सगळी फुलं आमच्याकडे तोंड करून उभी. कोवळं सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे वळतं, पण पूर्ण उमललं की वळणं थांबतं आणि ते कायमचं पूर्वेकडे तोंड करून राहतं. सकाळच्या उन्हानं अशी फुलं लवकर तापतात आणि त्यांच्यावर मधमाश्या जास्त येतात, असं कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१६मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. अब्बांना संशोधन ठाऊक नव्हतं, पण फुलांचं तोंड ठाऊक होतं. तेही पूर्वेच्या बांधावर नमाज पढायचे आणि सलाम फेरून झाल्यावर म्हणायचे, "देखो, पूरा गांव मेरे तरफ देख रहा."

परतीच्या गाडीत भाऊ खिडकीबाहेर पाहत होता. कोफू मागे पडल्यावर तो म्हणाला, "भाई, मैं मिट्टी देने को नहीं आ सका. अब मिट्टी बेचने की सही कैसे करूं?"

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दूतावासात गेलो नाही.

फोल्डर जसा नेला तसा परत आणला. याचा अर्थ सगळं सुटलं असा नाही. मी रोज दारव्ह्याला जाऊ शकत नाही, भाऊ नोकरी सोडून येणार नाही. पाच वर्षांनी आम्ही तीच जमीन विकूही. गिऱ्हाइकाला 'सध्या नाही' एवढंच सांगितलं. परतल्यावर अम्मीला भीत-भीत हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "वहां का सूरजमुखी अपने से बडा था क्या?" मी म्हणालो, "ऊंचा था. दाना नहीं लेते वो लोग." ती 'या अल्लाह' म्हणाली आणि बराच वेळ गप्प राहिली.

दिवाळीनंतर गावी गेलो. काका विहिरीजवळ हरभऱ्यासाठी जमीन करत होते. अब्बांचे जुने सोबती. त्यांना म्हटलं, "काका, विहिरीजवळचं अर्ध एकर यंदा मला सोडाल का? मक्त्यातून तेवढे पैसे कमी करा."

"काय पेरतं बाबू?"

"सूर्यफूल."

काका माझ्याकडे पाहतच राहिले. मग हसले. "पेर ना बाबा. मले काई नाई. पन मिठू कोन हाकलन?"

"मी येईन. शनिवारी दुपारून, रविवारी पूर्ण दिवस."

"अन् सोमवारी?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही. पेरणी मात्र झाली आहे. गेल्या रविवारी पाहिलं तेव्हा रोपं वीतभर झाली होती आणि सकाळच्या उन्हात सगळी पूर्वेकडे झुकली होती. निघताना अम्मीनं पिशवीत काहीतरी कोंबलं होतं. बसमध्ये उघडून पाहिलं, तर जुनी मलमलची ओढणी निघाली. घडी घातलेली, धुतलेली.